विमानतळावरची प्रवासी तपासणी: मर्यादित पैसा कुठे लावावा?

तपासणीवर खर्च करायला ठरावीक रक्कम आहे, यंत्रं विकणारे दारात उभे आहेत आणि निवड तुम्हाला करायची आहे, असं धरून ही तुलना लिहिली आहे. माहितीपत्रकात प्रत्येक यंत्राची पकड उत्तमच दिसते. माझा आग्रह असा, की यंत्र काय पकडतं हे विचारताना, इशारा वाजल्यावर पुढे काय होतं हेही तितक्याच नेटाने विचारावं.

जून २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका अंतर्गत चाचणीचा निकाल बातम्यांत फुटला. गृहसुरक्षा खात्याची माणसं प्रवासी बनून नकली बॉम्ब आणि शस्त्रं घेऊन तपासणीत शिरली होती. ७० पैकी ६७ वेळा ती पार झाली. त्यातल्या एका वेळी मेटल डिटेक्टर वाजला होता. त्या माणसाला बाजूला घेऊन त्याची झडतीही झाली, तरी पाठीला चिकटवलेला नकली बॉम्ब कुणाच्या हाताला लागला नाही. यंत्राने आपलं काम केलं होतं. पुढचं काम झालं नाही. खालचे सगळे पर्याय मी याच नजरेने पाहिले आहेत.

अंगावरची तपासणी: मेटल डिटेक्टर, बॉडी स्कॅनर, स्वॅब

मेटल डिटेक्टरची चौकट पिस्तूल दाखवून विमान पळवणाऱ्या माणसासाठी आली. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अपहरणांचं सत्र सुरू होतं. ५ जानेवारी १९७३ पासून तिथे प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली आणि अपहरणं झपाट्याने घटली. (त्याच वर्षी फेब्रुवारीत अपहरणकर्त्यांना आश्रय न देण्याबाबत क्यूबाशी करारही झाला, त्यामुळे सगळं श्रेय चौकटीच्या पदरात टाकता येत नाही.) पिस्तूल आणि चाकू यांच्यासाठी ती आजही चांगली आहे. स्वस्त आहे, माणूस न थांबता पार होतो, कर्मचाऱ्याला फार शिकवावं लागत नाही.

तिची मर्यादा २५ डिसेंबर २००९ रोजी जगाला दिसली. ॲम्स्टरडॅमहून डेट्रॉइटला चाललेल्या विमानात एकाने अंतर्वस्त्रात लपवलेलं पीईटीएन हे स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला. स्फोटकात धातू नसतो, म्हणून चौकट कितीही चांगली असती तरी गप्पच राहिली असती. बॉडी स्कॅनरचा प्रसार या घटनेनंतर वेगाने झाला.

मिलिमीटर लहरींचा स्कॅनर कपड्यांखाली, त्वचेच्या वर काही वेगळं आहे का हे पाहतो. वस्तू धातूची असो, प्लास्टिकची असो की पावडर असो, त्याला फरक पडत नाही, आणि हीच त्याची मोठी जमेची बाजू. पण ती वस्तू काय आहे हे त्याला कळत नाही. पडद्यावर माणसाची ठोकळेबाज आकृती येते, एका जागी चौकोन उमटतो आणि तिथे कर्मचाऱ्याने हात लावून पाहायचं असतं. कपड्याची घडी, घाम, जाड वेणी, फेटा यांवरही चौकोन उमटू शकतो. हॅम्बुर्ग विमानतळावर २०१० आणि २०११ मध्ये मोठी चाचणी झाली, तेव्हा चुकीचे इशारे इतके आले की जर्मनीने त्या वेळी हे स्कॅनर सगळीकडे बसवायचं टाळलं. तेव्हापासून सॉफ्टवेअर बरंच सुधारलं आहे, तरी खरेदीपूर्वी आपल्या प्रवाशांवर, त्यांच्या नेहमीच्या कपड्यांत चाचणी घेतल्याशिवाय सही करू नये. चुकीचे इशारे सगळ्यांवर सारखे वाटले जात नाहीत. कृत्रिम पाय असलेला माणूस किंवा डोकं झाकणारी बाई दर वेळी बाजूला घेतली जाते, आणि तो त्रास कुठल्याच अहवालाच्या सरासरीत दिसत नाही. शिवाय दिवसभर खोटे चौकोन तपासणारा हात संध्याकाळी खऱ्या चौकोनावरूनही वरवर फिरतो.

(क्ष-किरणांवर चालणाऱ्या बॅकस्कॅटर स्कॅनरचा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. युरोपीय संघाने २०११ मध्ये तो वगळला. अमेरिकेतही २०१३ पर्यंत तो विमानतळांवरून गेला, कारण नग्नसदृश चित्राऐवजी ठोकळ आकृती दाखवणारं सॉफ्टवेअर त्याला वेळेत जमलं नाही.)

तिसरा पर्याय स्वॅबचा. हात, पट्टा किंवा बॅगेची मूठ कापडी पट्टीने पुसायची आणि ती पट्टी यंत्रात घालायची. स्फोटकाचे अतिसूक्ष्म कण असतील तर काही सेकंदांत कळतं. स्कॅनरला आकार दिसतो, पदार्थ कळत नाही. स्वॅबचं नेमकं उलट आहे. म्हणून दोन्ही एकमेकांना पूरक ठरतात. ग्लिसरीनचं हात-मलम, हृदयविकाराचं नायट्रोग्लिसरीन किंवा खत हाताळलेले हात यांमुळे स्वॅबचा इशारा फसवा निघू शकतो. आणि स्फोटक नीट बांधून, हात धुऊन आलेला माणूस निसटूही शकतो.

स्कॅनर परवडत असेल आणि त्याच्यामागे झडती घेणारी पुरेशी, शिकलेली माणसं ठेवता येत असतील, तर तो घ्यावा. माणसं वाढवता येणार नसतील तर माझा कौल मेटल डिटेक्टर आणि त्याच्या जोडीला अचानक निवडलेल्या प्रवाशांचा स्वॅब असा आहे. उलगडायला कुणी नसेल अशा इशाऱ्यांचा ढीग विकत घेण्यापेक्षा ही जोडी प्रामाणिक आहे.

बॅग: साधा एक्स-रे की सीटी

पैसा एकाच जागी लावता येणार असेल तर मी तो इथे लावीन. अंगावर फार थोडं लपतं, बॅगेत बरंच मावतं.

साध्या एक्स-रेत बॅग एका किंवा दोन बाजूंनी दिसते. सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळा, मधलं सगळं हिरवट. वस्तू एकावर एक आल्या की चित्रात त्या मिसळतात. लॅपटॉप बाहेर काढायला लावतात तो यासाठी: त्याची दाट पाटी खालचं सगळं झाकते. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली नेऊ न देण्याचा नियमही याच मर्यादेतून आला. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये पेयांच्या बाटल्यांत द्रवस्फोटकं भरून विमानं पाडण्याचा कट उघडकीस आला, आणि बाटलीतलं पाणी व स्फोटक यांतला फरक तेव्हाच्या यंत्रांना भरवशाने सांगता येत नव्हता. मग प्रमाणावरच मर्यादा आली.

सीटीमध्ये क्ष-किरणाचा स्रोत बॅगेभोवती फिरतो आणि पुस्तकाची पानं चाळावीत तसे बॅगेचे थर एकेक करून पाहता येतात. वस्तूची घनता मोजली जाते, चित्र पडद्यावर फिरवता येतं. लॅपटॉप आणि बाटल्या आतच राहिल्याने प्रवाशाची काढ-घाल थांबते आणि ट्रे कमी लागतात. तोट्याची बाजूही स्पष्ट ठेवू. यंत्र महाग आहे, जड आहे (जुन्या इमारतीत आधी जमिनीची ताकद तपासावी लागते), आणि गुंतागुंतीची बॅग फिरवून पाहताना कर्मचाऱ्याचा वेळ जातो.

आणखी एक जोखीम कागदपत्रांतली आहे. २०२४ मध्ये ब्रिटनच्या काही प्रादेशिक विमानतळांनी नवी यंत्रं बसवून १०० मिलिलिटरची अट काढली होती. जूनमध्ये सरकारने ती परत लावली. १ सप्टेंबरपासून युरोपीय संघानेही तेच केलं. यंत्रं तीच होती, जागेवरच होती. द्रवांबाबतची मान्यता मात्र आखडली. ज्यांनी सीटीच्या भरवशावर रांगांची आखणी बदलली होती त्यांची पंचाईत झाली. जुलै २०२५ मध्ये युरोपात एका विशिष्ट मॉडेलला पुन्हा वाट मोकळी झाली. म्हणून करारात लिहून घ्या: मान्यता मागे घेतली गेली तर सॉफ्टवेअर सुधारण्याचा खर्च कुणाचा आणि मुदत किती.

दोन्ही यंत्रांसमोर शेवटी माणूसच बसतो, आणि त्याच्या चुकांचं कारण आळस नसतो. २००५ मध्ये नजरेच्या शोधक्षमतेचा अभ्यास करणारे संशोधक जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असताना लोकांकडून ती ७ टक्के वेळा निसटली. तीच वस्तू १०० पैकी एकाच चित्रात ठेवली तेव्हा सुमारे ३० टक्के वेळा निसटली. विमानतळावर खरा बॉम्ब १०० बॅगांत एकदा सोडाच, कर्मचाऱ्याच्या उभ्या नोकरीत एकदाही येत नाही. मेंदू "काही नसतंच" हे शिकतो. त्यावरचा उपाय म्हणजे खऱ्या बॅगांच्या चित्रांत अधूनमधून धोक्याच्या वस्तूचं चित्र मिसळणं, जेणेकरून नजर जागी राहील. युरोपच्या नियमांत पडद्यासमोरची सलग बैठक साधारण २० मिनिटांपुरती ठेवली आहे. गोंगाटापासून दूर वेगळ्या खोलीत बसून चित्रं तपासण्याची सोयही आता करता येते. या तिन्ही गोष्टी सीटीच्या तुलनेत स्वस्त आहेत, आणि जुन्या एक्स-रेवरही त्यांचा उपयोग होतो. महाग यंत्र घेऊन कर्मचाऱ्याला तासभर सलग बसवायचं असेल तर यंत्र न घेतलेलंच बरं.

नजरेने हेरणं की प्रश्न विचारणं

दोन्हींना लोक एकाच टोपलीत टाकतात, आणि त्यामुळे चुकीच्या जागी पैसा जातो. हावभावांवरून संशयित ओळखायचा कार्यक्रम अमेरिकेत २००७ पासून मोठ्या प्रमाणावर चालला. २०१३ पर्यंत त्यावर सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले होते. त्या वर्षी सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने निष्कर्ष काढला की हावभाव पाहून खोटेपणा ओळखण्याची माणसाची क्षमता नाणेफेकीइतकी किंवा तिच्याहून जेमतेम बरी आहे, आणि या कार्यक्रमाचा निधी मर्यादित ठेवावा. मला यात दुसराही धोका दिसतो: ठोस निकष नसले की कर्मचाऱ्याचे पूर्वग्रहच निकष होऊन बसतात.

प्रश्न विचारणं वेगळं. १७ एप्रिल १९८६ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक गरोदर आयरिश तरुणी तेल अवीवला निघाली होती. तिची बॅग विमानतळाच्या तपासणीतून पार झाली होती. एल अल या इस्रायली विमान कंपनीच्या सुरक्षा कर्मचाऱ्याच्या प्रश्नांना तिची उत्तरं जुळेनात. बॅग रिकामी केल्यावरही ती जड लागली, आणि खोट्या तळाखाली दीड किलोच्या आसपास सेमटेक्स हे स्फोटक निघालं. ते तिच्या प्रियकराने तिच्या नकळत भरलं होतं. तिच्या चेहऱ्यावर अपराधीपणा असण्याचं काही कारणच नव्हतं. कामी आली ती उत्तरांतली विसंगती आणि बॅगेचं वजन.

तरीही हा उपाय सगळीकडे पेलणारा नाही. प्रत्येक प्रवाशाला काही मिनिटं द्यायची तर उड्डाणं मोजकी हवीत आणि विचारणारा तयारीचा हवा. शिवाय संशय आल्यावर निर्णय घेण्याची हिंमतही हवी. डिसेंबर २००१ मध्ये बुटात स्फोटकं घेऊन आलेल्या रिचर्ड रीडला पॅरिसमध्ये आदल्या दिवशी थांबवून बराच वेळ चौकशी झाली होती. दुसऱ्या दिवशी तो विमानात बसला. विमान वाचलं ते कर्मचारी आणि सहप्रवाशांनी त्याला धरल्यामुळे.

तुलनेच्या तक्त्यात न येणाऱ्या दोन गोष्टी

पहिली, आतली माणसं. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोमालियातल्या मोगादिशूहून उडालेल्या दालो एअरलाइन्सच्या विमानात लॅपटॉपमधला बॉम्ब फुटला. तपासणीच्या पलीकडे विमानतळावरच्याच लोकांनी तो प्रवाशाच्या हाती दिल्याचं कॅमेऱ्यात दिसलं. प्रवाशांसाठी सीटी आणि कामगारांसाठी नुसतं ओळखपत्र अशी रचना असेल, तर प्रवाशांच्या मार्गिकेतल्या एका यंत्राचा पैसा कामगारांच्या दाराकडे वळवावा.

दुसरी, रांग. मार्च २०१६ मध्ये ब्रसेल्सच्या विमानतळावरचा हल्ला चेक-इनच्या दालनात, म्हणजे तपासणीच्या आधीच झाला. तपासणी संथ असली की तिच्या अलीकडे न तपासलेल्या माणसांची दाट गर्दी साचते. त्यामुळे तासाला किती प्रवासी पुढे जातात हा आकडा सोयीइतकाच सुरक्षेचाही आहे, आणि सीटीच्या बाजूने माझं मत झुकण्याचं हे मोठं कारण आहे.

निवड झाल्यावर

किती वस्तू पकडल्या हा आकडा परिणामकारकता सांगत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या. किती निसटल्या हे त्यातून कळत नाही. ते कळण्याचा मार्ग छुपी चाचणी हाच आहे, आणि तिच्यासाठी रक्कम पहिल्या दिवसापासून बाजूला काढावी, यंत्रातून उरली तर नव्हे. चाचणी घेणारी माणसं त्या तळावरची नसावीत. नकली वस्तू अंगावर, बॅगेत आणि कामगारांच्या दाराने, तिन्ही वाटांनी पाठवावी. नोंद दोन भागांत ठेवावी: इशारा मिळाला का, आणि मिळाल्यावर वस्तू सापडली का. पहिल्या भागात अपयश दिसलं तर यंत्राकडे पाहावं, दुसऱ्या भागात दिसलं तर प्रशिक्षण, पाळ्या आणि मनुष्यबळाकडे. निकाल त्याच पाळीतल्या कर्मचाऱ्यांना त्याच दिवशी, शिक्षेची धमकी न देता सांगावा, म्हणजे झडतीत हात नेमका कुठे पोहोचला नाही हे त्यांना आठवत असतानाच दाखवता येतं.