मला कोथिंबीर आवडत नाही म्हणे! ('ऑल ऑफ अस'चा अनुभव, पाचपैकी चार तारे)

'ऑल ऑफ अस' या अमेरिकेतल्या आरोग्य-संशोधन प्रकल्पाला मी रक्त दिलं. त्यांनी पाठवलेल्या माझ्या जनुकांच्या अहवालात लिहिलंय की मला कोथिंबीर न आवडण्याची शक्यता जास्त आहे. मी कराडची. फडक्यात गुंडाळलेल्या दोन जुड्या फ्रिजमध्ये नसतील तर मला चैन पडत नाही. नवऱ्याने तो अहवाल मोठ्याने वाचून दाखवला. तेव्हापासून वड्यांचं पीठ भिजवायला घेतलं की "डीएनएला विचारलंस का?" हे ठरलेलं.

हा एनआयएचचा, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा सरकारी प्रकल्प, मे २०१८पासून देशभर सुरू झालेला. दहा लाख माणसांचं रक्त, जनुकं, दवाखान्यातल्या नोंदी आणि राहणीमानाची माहिती वर्षानुवर्षं जमवायची. त्यावरून कोणाला कुठला आजार का होतो, कोणाला कुठलं औषध लागू पडतं, हे संशोधकांनी शोधायचं. वय १८ किंवा त्याहून जास्त आणि राहणं अमेरिकेत, एवढं पुरतं. नागरिकत्व लागत नाही. नमुना दिल्यावर उलट मलाच २५ डॉलर मिळाले. (माझे अकरा पार्किंगलाच गेले.)

संमतीचा भाग नीट केलाय. छोटे व्हिडिओ, मध्येमध्ये प्रश्न, समजलं की नाही ते तपासून मगच पुढे. पण भाषा दोनच, इंग्रजी आणि स्पॅनिश. सासूबाईंना मी शेजारी बसून मराठीत सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "माझ्या रक्तात साखरेशिवाय काय सापडायचंय त्यांना?" आणि उठून गेल्या.

घरच्यांच्या आजारांची प्रश्नावली भरताना माझी खरी परीक्षा झाली. आजी 'धाप लागून गेली', एवढंच आमच्याकडे माहीत. दमा, हृदय की क्षय? आत्याला कराडला फोन लावला. "अगं, तेव्हा नाव कोण विचारत होतं आजाराचं?" शेवटी 'माहीत नाही'वर टिचकी मारली.

रक्त दिलं त्या केंद्राचं नाव घेत नाही. शीर तिसऱ्या प्रयत्नात सापडली. उंची, वजन, रक्तदाब झाला आणि कंबरेभोवती टेप आली, तेव्हा पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिक यांचा २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला फोटो आठवला. शेजारी त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! गोऱ्यांच्या मापाने मोजलं तर आपण बारीक, आणि मधुमेह मात्र घरोघरी. कोथिंबिरीचंही तसंच असावं. तिच्या जनुकाचा मूळ शोध लागला तो युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवरून. त्यांच्यातल्या काहींना ती साबणासारखी लागते म्हणून मलाही लागेल, असा हा हिशोब. या प्रकल्पातही आशियाई माणसं थोडीच आहेत. आपण त्यात शिरलो नाही तर पुढचे अंदाजही असेच येणार, म्हणून मी शिरले.

आरोग्याचे अहवाल द्यायला त्यांनी डिसेंबर २०२२मध्ये सुरुवात केली. माझे पुढच्या वर्षी आले. आनुवंशिक आजारांसाठी ५९ जनुकं पाहतात, त्यात माझं काही निघालं नाही. तेवढ्यावर पेढे वाटू नका, कारण घरोघरचा मधुमेह त्या यादीत नाहीच. खरा उपयोग झाला तो औषधांच्या अहवालाचा, तिथे सात जनुकं असतात. वडील ५२व्या वर्षी हृदयविकाराने गेले, म्हणून मी तोच आधी उघडला. क्लोपिडोग्रेल, म्हणजे स्टेंट घातल्यावर देतात ती गुठळी होऊ न देणारी गोळी, माझ्या अंगाला नीट लागू पडणार नाही असं त्यात निघालं. सीवायपी२सी१९ नावाच्या जनुकाची ही तऱ्हा आपल्याकडे बरीच आढळते. औषध बदलण्याआधी दवाखान्यात पुन्हा चाचणी करा, असंही तिथेच बजावलंय. माझ्या डॉक्टरांनी कागद पाहिला, "इंटरेस्टिंग" म्हणाले आणि परत दिला. आता त्याची घडी पर्समध्ये आहे आणि फोटो मुलीच्या फोनमध्ये.

स्वतःचीच तपासणी करून हवी असेल तर इथे येऊ नका, रक्तदान समजून या. आयुर्विमा काढायचा असेल तर आधी त्याचा विचार करा. जनुकीय माहितीवरून होणारा भेदभाव रोखणारा २००८चा 'जीना' कायदा आरोग्यविमा आणि नोकरीत संरक्षण देतो, आयुर्विम्याला तो लागू नाही. नाव कधीही मागे घेता येतं, मग नमुने नष्ट करतात. झालेल्या अभ्यासात गेलेली माहिती मात्र परत येत नाही. तारा कापला तो भाषेसाठी.

हो, कानातला मळ ओला की कोरडा तेही सांगतात. ते बरोबर निघालं.