‘आज वेरूळ बंद आहे’

सुट्टीत छत्रपती संभाजीनगर बघायला निघणार असाल, तर पोराहो, एवढं पाठ करूनच घर सोडा: वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. दुसऱ्या कुठल्या वारी कुणी ‘आज लेणी बंद’ म्हणालं, तर आधी खात्री करा. आमच्या बाबतीत असं सांगणारा माणूस आम्हाला दुकानात न्यायलाच उभा होता.

आम्ही तिघी अंबाजोगाईहून गेलो होतो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, मुक्काम मैत्रिणीच्या मावसबहिणीच्या खोलीवर, जेवायला तिच्याच मेसचं ताट. चहाचा सुद्धा हिशोब मांडून निघालेलो. बुधवारी सकाळी मध्यवर्ती बसस्थानकाबाहेर पोहे खात होतो, तर एक रिक्षावाले काका येऊन उभे राहिले. गाव विचारलं. अंबाजोगाई म्हटल्याबरोबर, “अगं, माझी सासुरवाडी परळीची!” मग काय, पाहुणेच झाले.

“वेरूळला चाललाव व्हय? आज काय उपेग नाही. काल मंगळवारची सुट्टी होती ना, आज साफसफाई असती. तीनच्या पुढं सोडतेत. तुमच्या भल्याचं सांगायलो.”

यातली हुशारी बघा. मंगळवारची सुट्टी खरी. मैत्रिणीनं तिथल्या तिथं मोबाइलवर बघितलं, तर ‘मंगळवारी बंद’ असंच आलं. अर्धं खरं निघालं की त्याला चिकटवलेलं अर्धं खोटंही खपून जातं. साफसफाईसाठी बुधवारी लेणी बंद ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी वेरूळच्या तिकीट खिडकीवर विचारलं, तर आतला माणूस हसला. म्हणाला, हे विचारणारे तुम्ही पहिले नाहीत.

तर काका म्हणाले, तोवर बीबी का मकबरा, पाणचक्की, जुने दरवाजे दाखवतो, दोनशे द्या. तिघीत दोनशे! सीटच्या रिक्षानं फिरलो असतो तरी जवळपास तेवढेच लागले असते. खरी गोम इथं आहे. अर्धा दिवस रिक्षा फिरवायची तर दोनशेत गॅसही निघत नाही. राहिलेले पैसे दुकानदार देतो आणि ते तो गिऱ्हाइकाकडूनच काढतो. भाडं फारच स्वस्त वाटलं तर बाकीचं कोण भरतंय, हे बसायच्या आधी विचारायला हवं.

पहिला थांबा मकबरा नव्हता, ‘हिमरूचा कारखाना’ होता. हिमरू म्हणजे सुती-रेशमी धाग्यांचं इथलं नक्षीदार कापड. दाराशी हातमाग, त्यावर एक म्हातारे बाबा, खट्‌खट् धोटा चाललेला. महंमद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली तेव्हा विणकर आले ही गोष्ट, उभे धागे सुती आणि आडवे रेशमी ही माहिती, सगळं अगदी व्यवस्थित सांगितलं. माग खरा होता, बाबांचं कसबही खरं होतं. फक्त त्या मागावरचं कापड आणि आत कपाटातल्या शाली यांचा काही संबंध नव्हता. भाव तीन हजारांपासून सुरू झाला आणि ‘तुम्ही स्टुडंट, आमच्या लेकीसारख्या’ करत नऊशेवर आला. मैत्रिणीनं आईसाठी घेतली. बिलावर लिहिलं होतं ‘शाल, १ नग’. हिमरू नाही, रेशीम नाही, जीएसटी नंबर नाही.

त्यानंतर अजून एक दुकान. “घेऊ नका, नुसतं पाच मिनिटं बसा, मला कुपन मिळतं.” मकबऱ्याला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं, आणि उतरताना दोनशेचे ‘सीटचे दोनशे’ झाले. भर रस्त्यात आवाज चढवल्यावर साडेचारशेवर मिटलं. पाणचक्की राहिलीच.

संध्याकाळी खोलीच्या मालकीणबाईंनी शाल बघितली. त्या शिवणकाम करतात. काही न बोलता शाल उलटी केली, मग झालरीतला एक धागा ओढून काडीनं पेटवला. प्लास्टिकचा वास आला आणि टोकाला काळा, कडक मणी झाला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरते. हिमरूच्या उलट्या बाजूला नक्षीचे जादा धागे मोकळे सुटलेले दिसतात. ही शाल मागून चकचकीत साफ होती. त्यांनी पैठणीचंही सांगितलं: हातमागाच्या पैठणीची नक्षी पाठीमागूनही जवळजवळ तशीच दिसते.

आता कामाचं. वेरूळ शहरापासून साधारण ३० किलोमीटर, एसटी थेट जाते. गाडी कधी आहे ते स्टँडच्या आत, चौकशीच्या खिडकीवर विचारा, बाहेर उभ्या असलेल्या कुणालाही नाही. आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना वेरूळचं तिकीट ४० रुपये होतं, मकबऱ्याचं २५. रिक्षात बसायच्या आधी ‘तिघींचे मिळून इतके, दुकानात थांबायचं नाही’ असं मोठ्यानं बोलून घ्या आणि एमएच-२० चा नंबर मोबाइलमध्ये टिपून ठेवा. अंगावर आलं तर ११२ आहेच.

खरेदीची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर होते. बिल जपून ठेवलेलं असल्यामुळं आम्ही ती केली. आठवड्याभरात दुकानातून फोन आला: “ताई, शाल बदलून देतो, या कधी पण.” बदलून नको, पैसे परत पाहिजेत, असं लेखी कळवलंय.