दाढेचा इम्प्लांट: एकदा फसला, दुसऱ्यांदा धरला

मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार, वय ५७. खालची डावी दाढ काढावी लागली, तिथं टायटॅनियमचा इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसणारा स्क्रू, बसवला. तीन महिन्यांत हिरडीतून पू यायला लागला. काढायच्या दिवशी तो स्क्रू नुसत्या चिमटीत फिरला. हाडानं त्याला धरलंच नव्हतं. खर्रा खाता का, हे त्या ठिकाणी मला कोणी विचारलं नव्हतं आणि इम्प्लांटचं स्टिकरही दिलं नव्हतं.

मग यवतमाळच्या दुसऱ्या दवाखान्यात गेलो. हा रिव्ह्यू तिथल्या कामाचा. मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काकाजी, खर्रा सुटल्याबिगर मी हात लावत नाही. तंबाखूनं हिरडीला रक्त कमी पोचते, जखम भरत नाही." चार महिने थांबवलं. तेवढ्यात हाडही भरून आलं. ते चार महिने फार जड गेले, पण खर्रा सुटला.

बसवायच्या आधी त्यांनी नळीतला नवा स्क्रू दाखवला. माझा जुना डबीत जपून ठेवला होता, तो चकचकीत. हा राखाडी, चमक नसलेला. बारीक कणांचा मारा करून मग ॲसिडमध्ये बुडवतात, त्यानं एक-दोन मायक्रॉनचा खरबरीतपणा येतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मला लगेच पाट्याला टाकी लावणं आठवलं. पाटा गुळगुळीत झाला की ठेचा वाटला जात नाही, नुसता सरकतो. तसंच गुळगुळीत स्क्रूवर रक्ताची गाठ आणि हाडाच्या पेशी सरकतात. हा प्रकार ओलावा ओढून घेणारा असल्यामुळे सलाईनमध्ये बुडवूनच येतो. बसवतानाचं मोबाईलवरचं शूटिंग नंतर पाहिलं: स्क्रूचं टोक रक्ताला टेकलं आणि रक्त आपोआप एकेक आटा चढत वर गेलं. मी ते चार वेळा पाहिलं.

स्वीडनच्या डॉक्टर ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रोग्याला असे स्क्रू बसवले, तेव्हा ते गुळगुळीतच असायचे. खालच्या जबड्यात तीन आणि वरच्यात सहा महिने वाट पाहावी लागे. माझी कॅप आठव्या आठवड्यात बसली.

पण खरबरीत जागा जंतूंनाही धरायला सोपी. हिरडी सरकून तो भाग उघडा पडला तर घाण निघता निघत नाही, आणि भोवतीचं हाड झिजतं. म्हणून माझ्या स्क्रूचा हिरडीजवळचा गळा मुद्दाम गुळगुळीत आहे. चांदीचा, जस्ताचा किंवा औषधाचा थर देऊन जंतूच बसू नयेत असे पृष्ठभाग करायचे प्रयोग चालू आहेत, पण बहुतेक अजून प्रयोगशाळेतच. तोवर आपला ब्रश हाच इलाज.

आणि इथंच माझी तक्रार. दातांच्या फटीतला तो बारीक ब्रश आमच्या गावच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. त्यासाठी एसटीनं यवतमाळ गाठावं लागते. कॅपसकट ३२,००० रुपये घेता, तर सहा महिन्यांचे ब्रश सोबत द्यायलाच पाहिजेत. म्हणून पाचपैकी चार तारे.

दीड वर्ष झालं. ज्वारीची भाकर, फुटाणे, सगळं त्याच बाजूनं खातो. लॉट नंबरचं स्टिकर या वेळी मागून घेतलं, ते सातबाऱ्याच्या फायलीत लावून ठेवलं आहे.