नोकरी सांभाळून संगणन शिकताना: ऑनलाइन अभ्यासक्रम की संध्याकाळचा वर्ग?

संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेले डेटाबेसचे रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याची पद्धत, एका बैठकीत उमगले नाही, तर ऑनलाइन अभ्यासक्रमात तेच व्याख्यान रात्री निवांतपणे पुन्हा ऐकता येते; संध्याकाळच्या वर्गात ही सोय सहसा नसते, शिवाय प्रवासाचा शीण वेगळाच. तरीही प्रोग्रॅमिंगसाठी मला वर्गच उजवा वाटतो. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत एखादी ओळ चुकून लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, बाहेर गेली, की प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो, उत्तर मात्र चुकते, आणि एकटा विद्यार्थी तासभर स्क्रीनकडे पाहत बसतो. वर्गातले शिक्षक लूपच्या प्रत्येक फेरीत आकडा किती होतो ते स्क्रीनवर छापून चूक कशी हुडकायची, हे तिथल्या तिथे दाखवतात. नेटवर्किंगचे, म्हणजे संगणक एकमेकांना जोडण्याचे, सुरुवातीचे प्रात्यक्षिक मात्र घरी सिम्युलेटरवर, म्हणजे खऱ्या उपकरणांची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, भागते. ज्यांच्या कामाच्या पाळ्या सतत बदलतात, त्यांनी मात्र वर्गाचा हट्ट धरू नये, कारण बुडालेले तास भरून काढणे फार जड जाते.