आरामखुर्ची पाठवायची कशी: सरफेस कार्गो की बिल्टीचा पार्ट लोड?

आमच्याकडून दोन वस्तू सगळ्यांत जास्त जातात, सागवानी आरामखुर्ची आणि झोपाळ्याचा पाट. त्या बनवायला जेवढं डोकं लागतं त्याहून जास्त त्या गिऱ्हाइकाच्या दारात पोचवायला लागतं, हे धंद्यात पडल्यावरच कळलं. कोल्हापुरात बसून मोबाईलवर फर्निचर विकणारे आता बरेच झालेत. त्यातल्या नव्या कुणाचा तरी महिन्याकाठी फोन येतोच, "दादा, सरफेस कार्गोनं पाठवू की ट्रान्सपोर्टला टाकू?" मी दोन्ही करून पाहिलंय. आधी सव्वादोन वर्षं सरफेस, मग ट्रान्सपोर्ट. एकेकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. सरफेस कार्गो म्हणजे रस्त्यानं दारापर्यंत माल नेणारी कुरिअरसारखी सेवा, पार्ट लोड म्हणजे ट्रान्सपोर्टच्या एकाच गाडीत अनेकांचा थोडाथोडा माल. बिल्टी ही ट्रान्सपोर्टवाल्याची माल घेतल्याची पावती, आणि डॉकेट ही सरफेसवाल्याची तशीच नंबरवाली पावती.

वरवर पाहिलं तर सरफेसच्या बाजूनं सगळं आहे. माणूस वर्कशॉपवर येऊन माल उचलतो, गिऱ्हाइकाच्या दारात सोडतो, मधे कुठं पोचलाय ते मोबाईलवर दिसतं. गिऱ्हाइकाला हेच हवं असतं. ट्रान्सपोर्टमध्ये माल आपण गोडाऊनला नेऊन टाकायचा, समोरच्यानं त्याच्या गावच्या गोडाऊनमधून सोडवून न्यायचा, आणि मधले तीन-चार दिवस देवावर हवाला. असं असूनही मी ट्रान्सपोर्टकडं का वळलो, त्याचं कारण एका खुर्चीच्या फुगलेल्या खोक्यात आहे.

आरामखुर्ची तशी हलकी असते. आमची १८ किलोची, पॅकिंग धरून २४. पण तिची पाठ उंच, हात लांब, पाय पसरलेले. सांधे कुसवाचे (एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत पक्कं बसवलेले), त्यामुळं उलगडून चपटी करून पाठवायची सोय नाही. खोकं होतं ७५ बाय ९५ बाय १०५ सेंटिमीटरचं. सरफेसवाले लांबी, रुंदी, उंची गुणून ५००० नं भागतात, येईल तो आकडा किलो धरतात आणि खऱ्या वजनापेक्षा तो जास्त असेल तर भाडं त्यावर लावतात (काही जण घनफुटाला ठरावीक किलो धरतात, ते बहुतेक वेळा आणखी महाग पडतं). म्हणजे २४ किलोच्या खुर्चीला भाडं १५० किलोचं. हवेचं भाडं म्हणा ना. पण हा हिशोब आधीच माहीत असतो, तो किमतीत धरता येतो, म्हणून त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. किलोला १४ रुपयांनी, वर जीएसटी धरून, गिऱ्हाइकाकडून २,५०० घ्यायचे आणि विषय संपला.

संपायचा मात्र नाही. माल हबला, म्हणजे कंपनीच्या मोठ्या गोडाऊनला, पोचला की तिथं तो पुन्हा मोजला जातो. खोक्याच्या आत कोपऱ्यांना फोम, वर पट्टी आवळलेली, म्हणजे मधे पोट सुटणारच. मोजणारा सगळ्यांत फुगलेल्या जागी मोजतो. ७५ चे ७८ होतात, ९५ चे ९८, १०५ चे १०९. तीन-चार सेंटिमीटरनं काय होतंय असं वाटतं, पण भागून बघा, १५० किलोचे १६७ होतात. आणि हे कळतं कधी? दहा-पंधरा दिवसांनी, कंपनीकडं आगाऊ पैसे भरून ठेवलेल्या वॉलेटमधून पावणेतीनशेच्या आसपास कापले गेल्यावर. तोवर खुर्ची पोचलेली असते, गिऱ्हाइकानं तीवर बसून फोटो टाकलेला असतो, कौतुक केलेलं असतं. अशा माणसाला "अजून पावणेतीनशे द्या" म्हणून कोण फोन करणार?

पैसा खरंच मोठा नव्हता. मला टोचायचं ते हे, की माझा कुठलाच व्यवहार त्या दिवशी पुरा होत नव्हता. वहीत नफा लिहायचा तो पेन्सिलीनं. तक्रार करायची सोय होती, नाही असं नाही. पैसे कापल्यापासून सात दिवसांच्या आत, टेप लावलेले तिन्ही बाजूंचे फोटो, डॉकेट नंबर दिसेल असे. मग मी प्रत्येक खोक्याचे फोटो काढायला लागलो. एका हातात टेप, एका हातात मोबाईल, आणि टेपचं दुसरं टोक धरायला आमचे मेस्त्री रंधा सोडून यायचे. बायको म्हणाली, "लग्नाच्या अल्बममध्ये नाहीत एवढे फोटो खोक्यांचे झालेत." काही तक्रारी मान्य झाल्या, काहींना "मापन योग्य आहे" असं एका ओळीचं उत्तर आलं. कुणाशी बोलायचं म्हटलं तर तिकीट नंबर मिळायचा, माणूस मिळायचा नाही. दुसऱ्या दिवाळीच्या गर्दीत एकाच आठवड्यात नऊ खोकी अशी फुगली आणि मी हात टेकले.

ट्रान्सपोर्टला गेलो तेव्हा काउंटरवरच्या माणसानं, आमच्याकडची जुनी मंडळी ज्याला हुंडेकरी म्हणतात त्यानं, खुर्चीकडं एकदा पाहिलं आणि म्हणाला, "पुणं? नगाला सहाशे. हमाली-बिल्टीचे शंभर." टेप नाही, भागाकार नाही. हे शास्त्रीय आहे असा माझा दावा नाही. गर्दीच्या दिवसांत तोच माणूस साडेसातशे सांगतो. पण जे सांगतो ते बिल्टीवर लिहितो, आणि लिहिलेलं बदलत नाही. माझ्यासाठी तराजू तिथंच झुकला. पुण्यात गोडाऊनपासून घरापर्यंत छोटा हत्ती सात-आठशे घेतो. म्हणजे सगळं मिळून दीड हजार, आणि त्या दीड हजाराला नंतर शेपूट फुटत नाही. हे माझे आकडे आहेत, तुम्ही तुमच्या लाइनचा भाव विचारून घ्या.

मोडतोडीबद्दल मात्र सगळे जे सांगतात त्याच्या उलट माझा अनुभव आहे. लोक म्हणतात, ट्रान्सपोर्टमध्ये माल आपटतात, खोक्यात सुरक्षित. माझ्या तरी जास्त खुर्च्या खोक्यातच मोडल्या. याचं कोडं ट्रान्सपोर्टच्या हमालांच्या मुकादम मामांनी सोडवलं. "मालक, खोकं म्हणजे खोकं. आत काय हाय आम्हास्नी काय म्हाईत? त्याच्यावर दुसरं खोकं बसतंयच. खुर्ची डोळ्याला दिसली की हात आपोआप हळू होतोय." तेव्हापासून ट्रान्सपोर्टची खुर्ची मी बंद खोक्यात घालतच नाही. कोरुगेटेड, म्हणजे नालीदार पुठ्ठ्याचा, रोल गुंडाळतो, पण खुर्चीचा आकार लांबून ओळखू येईल असा, आणि पाठीचा वेताचा भाग तर नुसत्या पारदर्शक फिल्मखाली उघडा दिसेल असा ठेवतो. 'नाजूक माल' ही लाल चिकटपट्टी लावली काय, नाही काय, फरक पडलेला मला दिसला नाही.

धोका वेगळाच असतो. कोल्हापूरच्या पार्ट लोडच्या गाडीत तुमच्या खुर्चीशेजारी कोण बसतं ते बघा. शिरोली एमआयडीसीच्या फौंड्र्यांचं कास्टिंग, चपलांचे गठ्ठे, सीझनला गूळ. कास्टिंगची पेटी सरकली तर सागवानही टिकत नाही, म्हणून खुर्ची शेवटी, वरच्या थराला चढवायला सांगायचं, आणि ते सांगायला गाडी भरायच्या वेळी स्वतः जायचं. चहाचे पैसे खर्च होतात, ते हिशोबात धरा. गुळाची गंमत एकदाच झाली. पाझरलेला गूळ फिल्मला चिकटला आणि कोथरूडच्या एका काकूंकडं खुर्चीबरोबर मुंग्यांची रांगही पोचली. त्यांनी हसण्यावारी नेलं. प्रत्येक जण नेईल असं नाही.

पॅकिंगचा खर्च दोन्हीकडं जवळपास सारखाच येतो, फक्त वेगळ्या जागी जातो. सरफेसला मापाचं सात प्लायचं, म्हणजे सात थरांच्या पुठ्ठ्याचं, खोकं लागतं, आणि ते बनवणारा पाच-दहा नग कोण करतंय म्हणून तोंड वाकडं करतो. ट्रान्सपोर्टला खोकं नाही, पण गुंडाळायला मेस्त्रीचा पाऊण तास जातो. एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. मे महिन्यात, नुकत्याच वाळलेल्या मेलामाइन पॉलिशवर मी थेट बबल रॅप गुंडाळला होता. बंद गाडीतल्या उकाड्यानं पॉलिश मऊ पडलं आणि बुडबुड्यांचे गोल ठसे पाठीवर उमटले. गिऱ्हाइकाचा मेसेज आला, "खुर्चीला देवी आल्यात का?" आता आधी जुन्या सुती साडीचा थर, मग ईपीई फोम (पॅकिंगचा मऊ पांढरा फोम), मग बाकीचं. आणि पॉलिशनंतर आठ दिवस खुर्ची हलवायची नाही, गिऱ्हाईक कितीही घाई करो. पावसाळ्यात कोरुगेटेडच्या आत एक प्लास्टिकची पिशवी वाढवा, ताडपत्रीवर विसंबू नका.

नुकसानभरपाईच्या बाबतीत कुणीच कुणाचा सख्खा नाही. बिल्टीवर 'ओनर्स रिस्क', म्हणजे धोका मालाच्या मालकाचा, असं छापलेलं असतंच. रस्त्यानं माल वाहून नेण्याचा जो २००७ चा कायदा आहे, त्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे जास्तीचं मूल्य जाहीर करून जादा दर भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या १० पटीपर्यंतच. ६०० रुपये भाड्याला ६,००० होतात, खुर्ची २२,००० ची. म्हणजे भाडं स्वस्त पडलं की भरपाईही स्वस्त पडते, हे ट्रान्सपोर्टच्या विरुद्ध जाणारं कलम मानायला हवं. सरफेसवाल्यांकडं किमतीवर थोडी टक्केवारी भरून कॅरिअर रिस्क (धोका वाहतूकदाराचा) घेता येते, ती सोय बरी आहे. मी वर्षाचा ट्रान्झिट विमा काढून ठेवलाय. विमा असो-नसो, गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा, फिल्म फाटलेली दिसली तर सोडवताना बिल्टीच्या प्रतीवर शेरा मारल्याशिवाय सही करायची नाही.

कागदपत्रांचा मुद्दा थोडक्यात. राज्याच्या आत १ लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल (माल वाहून न्यायला जीएसटीखाली ऑनलाइन काढायचा कागद) लागत नाही, त्यामुळं पुण्या-मुंबईच्या एकट्यादुकट्या खुर्चीला प्रश्न नाही. राज्याबाहेर मर्यादा ५० हजारांची. आमचं सहा खुर्च्यांचं डायनिंग बेंगळुरूला जातं तेव्हा बिल काढावंच लागतं. २०० किलोमीटरला एक दिवस या हिशोबानं कोल्हापूर-बेंगळुरूला चार दिवस मिळतात. पार्ट लोडची गाडी भरेपर्यंत माल दोन दिवस गोडाऊनलाच पडून राहतो. म्हणून बिलातला भाग 'ब', जिथं गाडीचा नंबर घालतात, तो आपण उत्साहानं भरायचा नाही, मुदत तिथूनच सुरू होते. वर्कशॉप ते गोडाऊन ५० किलोमीटरच्या आत असेल तर आपल्या टेम्पोचा नंबर त्यात घालावा लागत नाही. ट्रान्सपोर्टवाला गाडी सुटताना नंबर घालेल.

आता ट्रान्सपोर्टची खरी अडचण. ती माझी नाही, गिऱ्हाइकाची आहे, आणि म्हणूनच आपण ती सहज विसरतो. अनोळखी नंबरवरून फोन येतो, "तुमचा नग आलाय, घेऊन जावा." हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलीला गोडाऊन कुठं, टेम्पो कुठून आणायचा, हमाली किती, काहीच माहीत नसतं. सुरुवातीला माझ्या दोन ऑर्डरी यावरूनच बिनसल्या. एकीनं स्पष्ट लिहिलं, "मी खुर्ची मागवली होती, काम नाही." बरोबरच होतं तिचं. मग मी पुण्यात आणि ठाण्यात एकेक छोटा हत्तीवाला धरला. बिल्टीचा फोटो त्याला जातो, तो सोडवून घरी नेतो, दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवतो, पैसे माझ्याकडून घेतो. गिऱ्हाइकाला एकच रक्कम, एकच फोन. अशी माणसं तुमच्याकडं नसतील, तर मी वर जे काही सांगितलं त्यातलं निम्मं तुमच्या कामाचं नाही.

म्हणून दिल्ली, गुवाहाटी, किंवा जिथं आपलं कुणी नाही अशा गावाला सरफेसच बरं, असं माझं मत आहे. चपट्या मालालाही तेच. झोपाळ्याचा सहा फुटी पाट पॅक करून १९० बाय ६८ बाय १२ होतो. भागाकार करा, ३१ किलो येतात, आणि पाटाचं खरं वजनच ३६ भरतं. म्हणजे इथं हवेचं भाडं नाहीच, खोकं थोडं फुगलं तरी फरक पडत नाही. स्टूल, घडीचं टेबल, उलगडणारे रॅक विकत असाल तर ट्रान्सपोर्टच्या भानगडीत पडू नका. झोपाळ्याच्या पितळी कड्या मात्र मी तिसऱ्याच वाटेनं पाठवतो. छोट्या, जड, न मोडणाऱ्या, त्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत जातात आणि सकाळी स्वारगेटला मिळतात.

पाटाचा विषय निघालाय तर लिफ्टचंही सांगतो, कारण वाहतूक कुठलीही निवडा, शेवटचे चार मजले दोन्हीकडं सारखेच. सहा फुटी पाट नेहमीच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये उभा मावतो. सात फुटी बहुतेक ठिकाणी मावत नाही, मग जिन्यानं दोन माणसं, आणि जिन्याचं वळण अरुंद असेल तर देवाचं नाव. सात फुटीची ऑर्डर आली की मी आगाऊ रक्कम घेण्याआधी लिफ्टच्या दाराची उंची मागवतो. परवा नोएडाच्या एका काकांनी मोजून पाठवली, दोन मीटर, आणि पाट साडेसहा फुटी चालेल का विचारलं. तो पॅकिंगसकट दाराच्या वरच जात होता. शेवटी सहा फुटीवर ठरलं. तो सरफेसनं जाणार आहे, मंगळवारी. टेपचे फोटो काढून ठेवलेत.