बॅटरी बदलण्याआधी हा मीटर लावा: युनि-टी यूटी210ई

बाहेरून अँप (स्पीकरचा आवाज वाढवणारा अँप्लिफायर), सबवूफर किंवा अँड्रॉइड स्टिरिओ बसवलेली गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नाही, ही तक्रार बेळगाव, खानापूर, निपाणीकडे नेहमीची. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसात गाडी आठवडाभर दारातून हलत नाही, तिथे तर जास्तच. गॅरेजमध्ये उपाय ठरलेला: बॅटरी बदला. मग नवीही उतरते, कारण गळती, म्हणजे चावी बंद असतानाही वाहत राहणारा करंट, वायरिंगमध्ये असते. ती शोधायला घरी एकच उपकरण घ्यायचं असेल तर हा छोटा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती नुसता जबडा लावून करंट मोजणारा मीटर, घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे.

दुकानात नुसता ‘क्लॅम्प मीटर’ मागितलात तर बोअरच्या मोटारीचे अँपिअर बघायला वायरमन वापरतात तसला हातात पडेल. त्यातले पुष्कळ फक्त एसी करंट मोजतात. बॅटरीच्या वायरला लावले तर काहीच कळत नाही. खोक्यावर ‘डीसी’ दिसलं म्हणूनही घेऊ नका, ते बरेचदा फक्त डीसी व्होल्टसाठी असतं. आपल्याला डीसी अँपिअर हवेत, आणि तेही बारीक. यूटी210ईला 2, 20 आणि 100 अँपिअर अशा तीन रेंज आहेत आणि 2 च्या रेंजवर तो एकेक मिलिअँपिअर दाखवतो. पैसे वसूल होतात ते इथेच.

एरवीची पद्धत म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून मधे मल्टिमीटर घालायचा. त्यात दोन धोके. टर्मिनल काढलं की जागाच राहिलेला स्टिरिओ किंवा अडकलेला रिले (करंटने चालणारा स्विच) रीसेट होतो, परत जोडल्यावर सगळं शहाण्यासारखं झोपतं आणि दोष सापडतच नाही. दुसरं, मधेच कुणी चावी फिरवली तर करंट 10 अँपिअरच्या पुढे जातो, आणि स्वस्त 830 जातीच्या मीटरमध्ये 10 अँपिअरच्या भोकाला फ्यूजच नसतो. क्लॅम्पला काहीच सोडावं लागत नाही.

मोजायची रीत अशी. आधी बॅटरीच दमलेली नाही ना, ते बघा. रात्रभर उभ्या गाडीवर 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 मिळायला हवेत, नाहीतर आधी अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा) बघा. मग बॉनेट उघडा, उघड्या दाराची कडी पेचकसाने दाबून बंद करा म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटेल, चावी काढा. कीलेस गाडीची चावी लांब, घरात ठेवा. अर्धा तास थांबा. त्याआधी घेतलेला आकडा मोजूच नका, गाडीचे कंट्रोलर तोवर झोपलेले नसतात. आता मीटर 2 अँपिअरवर, पडद्यावर डीसी आहे याची खात्री करून, निगेटिव्ह वायरच्या अगदी जवळ धरून झिरो करा आणि हात न वळवता जबडा वायरवर लावा. हात वळवला की आकडा सरकतो, कारण आतला सेन्सर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रही पकडतो. निगेटिव्हला दोन वायरी असतील तर दोन्ही एकत्र जबड्यात हव्यात.

50 मिलिअँपिअरच्या आत आलं तर गाडी ठीक. 35 एएचच्या (अँपिअर-तासाच्या) बॅटरीतून तेवढ्याने दिवसाला 1.2 एएच जातं, म्हणजे अर्धी व्हायला दोन आठवडे. पण अँप जागा राहून 0.8 अँपिअर ओढत असेल तर तीच बॅटरी बावीस तासांत अर्धी. लोक ‘काल संध्याकाळी तर चालत होती’ म्हणतात ते यामुळे.

दोषाची जागा शोधताना क्लॅम्पची खरी मजा येते. बॅटरीच्या प्लसवरून अँपकडे गेलेल्या जाड वायरला तो लावा: चावी बंद असताना तिथे शंभर मिलिअँपिअरच्या वर काही दिसलं तर अँप झोपलेला नाही. मग अँपच्या रिमोट टर्मिनलवर, म्हणजे स्टिरिओकडून अँप चालू करायचा इशारा येतो तिथे, व्होल्ट बघा. चावी बंद असूनही 12 आले तर फिटरने रिमोटची वायर कायम चालू लाइनला जोडलेली आहे. ती स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या वायरला हवी. स्टिरिओकडे दोन वायरी बघायच्या: पिवळी कायम चालू, लाल चावीवर. ‘चावीशिवाय गाणी लागावीत’ म्हणून दोन्ही एकत्र पिळून टेप मारलेल्या सर्रास सापडतात. काही गाड्यांच्या मूळ कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) याच दोन वायरी उलट जागी असतात, तेव्हा ‘प्लग अँड प्ले’ कपलरही फसवतो. अँड्रॉइड स्टिरिओची लाल वायर बरोबर असूनही तो अर्धा अँपिअर खात राहिला, तर सेटिंगमध्ये स्लीपऐवजी पूर्ण बंद निवडा, आणि तरीही फरक नाही तर कपलरसोबतचा कॅन डीकोडर (गाडीचे संदेश स्टिरिओला समजावणारी छोटी डबी) काढून पुन्हा मोजा.

उणिवा आहेत. 10 मिलिअँपिअरच्या खालचा आकडा भरवशाचा नाही. पातळ वायरीला पाच वेढे घालून जबड्यातून काढा आणि आकड्याला पाचने भागा, मग पुष्कळ सुधारतो. जबडा लहान आहे, त्यामुळे जाड केबलींचा जुडगा मावत नाही. फ्यूज न काढता त्याच्या डोक्यावरच्या दोन टोकांना मिलिव्होल्ट बघून कुठल्या लाइनीत करंट आहे ते शोधायचं असेल, तर त्याला साधा 200 मिलिव्होल्ट रेंजचा मल्टिमीटर जास्त बरा, तो 0.1 मिलिव्होल्ट दाखवतो. तेव्हा जुना 830 टाकून देऊ नका. आणि फ्यूज उपटायचीच वेळ आली तर ध्यानात ठेवा, अनेक गाड्यांत स्टिरिओची मेमरी आणि आतला दिवा एकाच फ्यूजवर असतात. तो काढल्यावर आकडा पडला म्हणजे दोष स्टिरिओचाच असं नाही, डिकीचा दिवाही बघा.

दोन अँप असतील तर स्टिरिओच्या रिमोट वायरवर दोन्हींचा भार टाकू नका. चार पिनांचा रिले घाला: 85 नंबरच्या पिनला अर्थ, 86 ला स्टिरिओची निळी-पांढरी, 30 ला फ्यूजमधून आलेली प्लस, 87 वरून दोन्ही रिमोट. बॅटरीपासून अँपकडे निघालेल्या वायरवर मुख्य फ्यूज 45 सेंटिमीटरच्या आत हवाच. काम फिटरकडे द्यायचं असेल तर ‘बॅटरी उतरते’ एवढंच सांगून गाडी सोडू नका. ‘चावी बंद, अर्ध्या तासाने 820 मिलिअँपिअर, अँपच्या वायरवर 760’ असं लिहून द्या, आणि गाडी परत घेताना त्याच्यासमोर, तेवढंच थांबून, पुन्हा मोजा.