हवेची कयाक, शांत तळी आणि पक्षी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

हा अनुभव एकाच माणसासाठी असलेल्या, हवा भरायच्या कयाकचा, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या लहान होडीचा आहे. लांबी ३.२ मीटर, रुंदी ९० सेंटिमीटर, सीट आणि फिन (तळाखालचं, दिशा सरळ ठेवणारं पातं) धरून वजन १४ किलो. आठ महिने ती फक्त तळ्यांच्या साठलेल्या पाण्यावर वापरली, त्यामुळे नदीच्या धारेला किंवा समुद्राला यातलं काही लावू नये. काम एकच: उजाडता उजाडता पाण्यात उतरायचं, पक्षी, कासवं, चतुर बघायचे आणि वारा सुटायच्या आत काठाला लागायचं. या कामाला ती उत्तम आहे. जेमतेम वीतभर पाण्यातही तरंगते आणि बसणाऱ्याचं डोकं पाण्यापासून इतक्या कमी उंचीवर राहतं की पक्षी काठावरच्या माणसाइतके बिचकत नाहीत.

सगळ्यात जास्त चुका हवा भरताना होतात. तळ ड्रॉप-स्टिचचा आहे, म्हणजे वरचा आणि खालचा थर आतून असंख्य धाग्यांनी बांधलेला. त्यात हवेचा दाब ८ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), बाजूच्या नळ्यांत २.५. आधी नळ्या अर्ध्या भरायच्या, मग तळ पूर्ण, शेवटी नळ्या पूर्ण. उलट केलं तर तळ तिरका बसतो. हातपंपाने दहा मिनिटं लागतात, शेवटची दोन खरी मेहनतीची, आणि तिथेच कंटाळून लोक थांबतात. मग कयाक मधोमध खचते, दोन्ही टोकं वर येतात आणि प्रत्येक वल्ह्यासरशी नाक डावी-उजवीकडे फिरतं. दोष कयाकला दिला जातो, कमी असते ती हवा. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका, दाबमापक वापरा.

उन्हाचं गणित वेगळं. २० अंशांना २.५ पीएसआय भरलेली नळी उन्हात ४० अंशांपर्यंत तापली, तर आतला दाब ३.६ च्या पुढे जातो. त्यामुळे काठावर आल्यावर कयाक सावलीत ओढायची किंवा लगेच थोडी हवा सोडायची. उलट गार पाण्यात उतरल्यावर दाब पडतो. पहिल्या दहा मिनिटांनंतर नळी हाताला मऊ लागली तर ती गळतीच असेल असं नाही.

सोबत आलेलं वल्हं अॅल्युमिनियमचं, २३० सेंटिमीटरचं. लांबी बरोबर आहे. एवढ्या रुंद कयाकला २२० सेंटिमीटरचं वल्हं नळ्यांना घासतं. त्रास आवाजाचा. दांडा सीटच्या बकलवर आपटला की तो टणत्कार तळ्याच्या पार पलीकडे जातो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा हातभर तुकडा दांड्याच्या मधल्या भागावर चढवला की काम भागतं. दांड्यावरून ओघळणारं पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या पात्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर असाव्यात. पातं बुडताना कडीही बुडत असेल तर तिचा उपयोग शून्य, पाणी दांड्यावरून ओघळत मांडीवर येतं.

पक्ष्याच्या जवळ जायचं तर शेवटच्या ४०-५० मीटरला वल्ह्याचे दोन भाग सोडवा. एक भाग पायाशी ठेवा, दुसऱ्याने एकाच बाजूने, पातं पाण्याबाहेर न काढता, पुढे-मागे फिरवत राहा. थेंब गळत नाहीत, हात वर जात नाही, पात्याची चमक दिसत नाही. समोरून सरळ जाऊ नये. तिरकं, बाजूने निघून जाणार आहोत अशा रेषेत जावं. वारकऱ्याने (काळा, पांढऱ्या कपाळाचा पाणपक्षी) चरणं सोडून मान ताठ केली की तीच हद्द, तिथून मागे व्हायचं. तो पाण्यावर पाय आपटत धावायला लागला, म्हणजे आपण आधीच चुकलोय.

खंड्याच्या मागे लागणं तर अगदी फुकट. तो काठाकाठाने पुढच्या फांदीवर जातो, आपण पोचलो की त्याच्या पुढच्या, आणि हद्द संपली की वळसा घालून मागे निघून जातो. त्याची ठरलेली फांदी हेरून लांब थांबावं, तोच येतो. टिबुकलीच्या (बुड्या मारणारा छोटा पाणपक्षी) बाबतीत मात्र खरी काळजी घ्या. लव्हाळ्याला अडकलेला ओल्या, कुजक्या वनस्पतींचा ढीग रिकामा दिसला तरी तो रिकामा समजू नये. उठून जाताना ती अंडी झाकून जाते. विणीच्या दिवसांत लव्हाळ्यात कयाकचं नाक खुपसून थांबणं म्हणूनच बंद.

दुर्बीण ८ बाय ४२ ची (८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) बरी. १० पट मोठं दाखवणारी हलत्या पाण्यावर स्थिर राहत नाही. दोन मीटरवरचंही स्पष्ट दाखवणारी असेल तर पाणकणसाच्या देठावरची चतुराची कात बघता येते: पाठीवर उभी चीर आणि तिच्यातून लोंबणारे बारीक पांढरे धागे. ते धागे म्हणजे आतल्या श्वासनलिकांचं सुटलेलं अस्तर.

या कयाकची मोठी उणीव म्हणजे वारा. पाण्याखाली जवळपास काही नाही, वर सगळी फुगीर नळी, त्यामुळे ताशी १५ किलोमीटरच्या वाऱ्यात ती पानासारखी वाहवत जाते. निघताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावं, म्हणजे दमल्यावरचा परतीचा रस्ता सोपा. थांबायला दीड किलोचा घडीचा नांगर आणि खोलीच्या तिप्पट दोरी पुरते. नांगर हळूच सोडायचा आणि दोरी कयाकच्या टोकालाच बांधायची. बाजूला बांधली तर झटक्याने कयाक कलंडू शकते. लाइफ जॅकेट पाठीला आखूड घ्यावं, नाहीतर सीटच्या पाठीवर टेकून ते कानापर्यंत वर सरकतं.

आठ महिन्यांत गळती दोनदा. एकदा वॉल्व्हच्या रबरी पडद्याखाली वाळूचा कण होता. ओल्या कापडाने पुसताच थांबली. दुसरी शिवणीजवळ, साबणाच्या पाण्याचे बुडबुडे बघून सापडली. ठिगळ गोल कोपऱ्यांचं, छिद्राच्या चहूबाजूंनी ५ सेंटिमीटर मोठं कापायचं, जागा अल्कोहोलने पुसायची, गोंद लावून २४ तास हवा भरायची नाही. फिनमध्ये शेवाळ अडकणं रोजचंच. कयाक अचानक जड झाली की आधी तिथे हात घाला.

तळ आणि नळी यांच्या मधल्या फटीत दरवेळी वाटीभर पाणी उरतं. वरून सगळं कोरडं दिसतं आणि घडी घातल्यावर चार दिवसांत काळी बुरशी धरते. काठीला कापड गुंडाळून ती फट पुसायची, कयाक अर्धी फुगवून सावलीत उलटी ठेवायची. त्याच वेळी फिनची खाच आणि सीटच्या पट्ट्या तपासाव्यात, कारण गोगलगायीचं पिल्लू किंवा जलपर्णीचा तुकडा तिथेच लपून दुसऱ्या तळ्यात पोचतो. तळं बदलायचं असेल तर पूर्ण वाळल्याशिवाय ती दुसऱ्या पाण्यात उतरवू नये.